‘ची’च्या पुढची तीन टिंबं

[दृश्य : धक्क्याला लागणारं जहाज]

दियुआना सेनेगलच्या राजधानीहून, डाकारहून, फ्रान्सला आली आहे. तिकडे ती एका फ्रेंच कुटुंबाची मुलं सांभाळायची. इथेही तेच काम असणार, अशी तिची समजूत. न्यायला आलेले मालक विचारतात, प्रवास नीट झाला ना? ‘होय, साहेब.’ पुढच्या तासाभरात ती मोठ्याने बोलते ते बहुतेक एवढंच.

उस्मान सेम्बेन यांचा हा चित्रपट १९६६ सालचा. मूळ नाव ‘ला नुआर द...’, म्हणजे ‘अमक्याची काळी बाई’. फ्रेंचमधल्या त्या ‘द’चं काम मराठीत ‘ची’ करते. डाकारची दियुआना आणि मादामची, म्हणजे मालकिणीची, दियुआना. गाव सांगायलाही ‘ची’, मालकी सांगायलाही ‘ची’. सेम्बेन यांनी पुढे तीन टिंबं ठेवली.

[दृश्य : मार्सेचं बंदर, जुनी छायाचित्रं]

सेम्बेन १९२३ साली सेनेगलच्या झिगिंशोर गावी जन्मले. सेनेगल तेव्हा फ्रेंच वसाहत होतं. फ्रान्समधल्या मार्सेच्या धक्क्यावर त्यांनी हमाली केली, आणि १९५६ मध्ये त्याच जगावर पहिली कादंबरी लिहिली. १९५८ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्रात दक्षिण फ्रान्सच्या आंतिब शहरातल्या आफ्रिकन मोलकरणीच्या आत्महत्येची लहानशी बातमी आली. तिच्यावरून आधी कथा झाली, मग चित्रपट. कथा १९५८ मध्येच घडते. चित्रपटात मात्र सेनेगल स्वतंत्र झालेलं आहे. हा बदल फार मोलाचा आहे. झेंडा बदलला, तरी मोलकरणी डाकारच्या चौकात फूटपाथवर बसून कामाची वाट बघतात आणि मादाम येऊन त्यांच्यातली एक निवडते.

[दृश्य : आंतिबचा फ्लॅट, पांढऱ्या भिंती]

आता भिंतींकडे बघा. फ्लॅट पांढरा, उजेड भरपूर, आणि त्यात दियुआनाचा काळा चेहरा कुठेच मिसळत नाही. तिचा फ्रान्स म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर, दिवाणखाना आणि तिची खोली. समुद्रकिनारा जवळ असून तिच्या वाट्याला येत नाही. ती चांगला फ्रॉक आणि उंच टाचांचे बूट घालून फरशी पुसते. मादाम तिला ॲप्रन देते. जेवायला आलेला पाहुणा तिच्या गालाचा मुका घेतो, का, तर काळ्या बाईचा मुका त्याने कधी घेतलेला नाही. यात कुणी हात उगारत नाही. म्हणूनच मादामला दुष्ट बाई ठरवून मोकळं झालं की चित्रपट हातून निसटतो. ती स्वतःही कंटाळलेली, नवऱ्यावर वैतागलेली आहे. फक्त दियुआना हे माणूस आहे, हे तिच्या ध्यानातच येत नाही.

मग दियुआनाचं बोलणं जातं कुठे? मनात. पडद्यावर म्बिसिन तेरेज दियॉप आहे, पण मनातला आवाज हैतीच्या तोतो बिसांत या गायिकेचा. आवाज नंतर भरलेले आहेत. ज्या भाषेत दियुआना मालकांशी धड दोन वाक्यं बोलत नाही, त्याच फ्रेंचमध्ये तिचं मन अस्खलित बोलतं. आईकडून पत्र येतं, तेव्हा उत्तरही मालकच लिहायला बसतात, तिला काय म्हणायचंय हे न विचारता. ती आईकडून आलेलं ते पत्र फाडते. माझ्या मते चित्रपटाचा गाभा याच प्रसंगात आहे.

चित्रपट घडला त्यातही हीच गोष्ट आहे : बोलायचं तर दुसऱ्याची परवानगी. वसाहतींत चित्रीकरणाला सरकारी परवानगी सक्तीची करणारा फ्रेंच हुकूम १९३४ चा. त्यामुळेच १९५५ मध्ये पोलँ व्हिएरा या आफ्रिकन दिग्दर्शकाने आणि त्यांच्या साथीदारांनी आपला लघुपट पॅरिसमध्ये केला. सेम्बेन यांच्याकडे फ्रान्समध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लागणारं व्यावसायिक कार्ड नव्हतं. लांबी तासाभराच्या आत आणावी लागली, आणि त्यात या कृष्णधवल चित्रपटातला रिव्हिएराच्या, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या, रस्त्यावरचा रंगीत भाग गेला.

[दृश्य : भिंतीवरचा मुखवटा]

दियुआनाने कामाला लागल्यावर मादामला एक मुखवटा भेट दिला होता. डाकारच्या घरात तो इतर मुखवट्यांत टांगलेला. आंतिबमध्ये पांढऱ्या भिंतीवर एकटाच. शेवटी तोच ती परत मागते, आणि दोघींत ओढाताण होते.

दियुआनाही आत्महत्या करते. त्यानंतर मालक डाकारला जातात. सुटकेस, मुखवटा आणि पगाराचे पैसे. आई पैशांना हात लावत नाही. एक लहान मुलगा मुखवटा उचलतो, तोंडावर धरतो आणि त्यांच्या मागे चालू लागतो. मालक भरभर पावलं टाकत गाडी गाठतात. गाडी निघून जाते. मुलगा हळूच मुखवटा खाली घेतो.