दातांचा रकाना भरण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

शुश्रूषागृहात एखादी वृद्ध व्यक्ती कायमची राहायला आली, की तिचे वजन, रक्तदाब, चालू औषधे यांची नोंद होते आणि त्याच कागदावरचा दातांचा रकानाही भरला जातो. मात्र अनेकदा तो तोंडात न डोकावताच भरतात. ‘दात दुखतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, की काम संपले असे समजणे मला धोक्याचे वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला दुखणे सांगता येतेच असे नाही. ती घास नाकारते, गालाला हात लावू देत नाही, चिडते, आणि मग नोंद होते ती तिच्या स्वभावाची.

पाहणे अवघड नाही. हातमोजे घालावेत, बॅटरीचा उजेड घ्यावा आणि आधी कवळी काढावी, कारण टाळूवरची सूज किंवा कवळी घासून झालेली जखम तिच्याखालीच दडलेली असते. जीभ उचलून तिच्या कडा आणि खालची बाजू पाहावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दंतवैद्यांना दाखवलाच पाहिजे. एका प्रचलित पद्धतीत ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि वेदना या आठ बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात, आणि प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही ती वापरू शकतात. लाळेची बाब सहज सुटते. पण अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते आणि दात झपाट्याने किडतात.

चुकीची नोंद झाली, की निगेची योजनाही चुकते. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या तोंडाची नियमित निगा राखली गेली त्यांच्यापैकी ११ टक्के, तर इतरांपैकी १९ टक्के वृद्धांना दोन वर्षांत न्यूमोनिया झाला.

काही जण तोंड उघडतच नाहीत. त्यांच्या कागदावर ‘दोष नाही’ असे लिहिणे म्हणजे त्यांचा उपचाराचा मार्ग बंद करणे होय. अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या नोंदपत्रकात ‘तपासता आले नाही’ असा स्वतंत्र पर्याय आहे, तो याचसाठी. तो निवडावा, तारीख घालावी, आणि ती व्यक्ती शांत असते त्या वेळी, तिच्या ओळखीच्या सेविकेला सोबत घेऊन पुन्हा प्रयत्न करावा.