केदारेश्वराला जाताना पाण्याचा हिशोब

मंडळी, हरिश्चंद्रगड म्हटलं की सगळे कोकणकड्याकडे धावतात. आज कडा बाजूला ठेवू आणि गडाच्या माथ्यावरच्या केदारेश्वराच्या गुहेबद्दल बोलू. तिथं जायचं तर सगळं आखावं लागतं ते पाणी बघून.

आधी वाट. गड अकोले तालुक्यात, सुमारे १४२० मीटर उंचीचा. पायथ्याच्या पाचनई गावाकडून दोन-अडीच तासांत माथा गाठता येतो. ही वाट एका मोठ्या कड्याच्या पोटातून आडवी जाते. वर कातळ पुढे झुकलेला, म्हणून उन्हाळ्यातही तिथं सावली असते; पावसाळ्यात मात्र वरून धारा कोसळतात आणि पायाखालचा दगड शेवाळलेला असतो. अशा वेळी झिजलेल्या तळव्याचे बूट नकोत. दुसऱ्या बाजूच्या खिरेश्वर गावाकडून तोलार खिंडीमार्गे चार-पाच तास धरा. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, तिथून गडाची वाट डावीकडे चढते. सरळ उतरलात तर कोथळ्याला पोचाल! कातळटप्प्यावर रेलिंग लावलेलं आहे. पण खरी फसगत त्यानंतर होते. टप्पा संपला म्हणजे गड आला, असं वाटतं. पुढे मात्र एकामागून एक टेकाडं चढायची-उतरायची असतात. धुक्यात इथं सगळी टेकाडं सारखीच दिसतात आणि माणसं गोल फिरत बसतात. दहा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं तर थांबा, धुकं विरळ होऊ द्या. कोकणकड्याजवळच्या अरुंद घळीतून चढणारी नळीची वाट मात्र दोर आणि सोबत जाणकार असल्याशिवाय धरूच नये.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आलं की समोरच्या ओढ्याच्या दिशेनं पुढे जायचं. पावसाळ्यातली पहिली अडचण हा ओढाच. दिसायला किरकोळ, पण माथ्यावर सर आली की थोड्या वेळात फुगतो. पाणी गढूळ झालं, गुडघ्याच्या वर आलं, की गुहेचा नाद सोडा. तुम्ही पलीकडे असताना पाणी चढलं, तर घाई न करता तिथंच ओसरेपर्यंत बसायचं.

गुहेत मधोमध सुमारे पाच फूट उंचीचं शिवलिंग, भोवती कमरेइतकं पाणी. हे पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, कारण गुहेत ऊन शिरत नाही. प्रदक्षिणा घालायची तर पाण्यातूनच. तळ सपाट असला तरी निसरडा, आणि पडलेल्या खांबांचे तुकडे पायाला लागू शकतात; म्हणून पाय उचलून टाकू नका, सरकवत न्या. एका वेळी दोघं-तिघंच उतरा. मुलं आणि पोहता न येणारे काठावरूनच दर्शन घेऊ देत. अंगावरचे कपडे भिजले की बाहेरचा वारा झोंबतो, आणि हुडहुडी भरलेला माणूस उतारावर अडखळतो. पाठपिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा जोड आणि टॉवेल हवाच.

शिवलिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उरलाय. चार युगांचे चार खांब, हा शेवटचा तुटला की कलियुग संपणार, ही कथा तुम्हाला पायथ्यापासून ऐकू येईल. ऐकावी, गोड आहे. पण मग त्याच खांबाला मिठी मारून फोटो काढणाऱ्यांचं काय करावं? लेण्यातले खांब डोंगरातूनच कोरून काढलेले असतात. छत म्हणजे अखंड कातळ, म्हणून तीन खांब जाऊनही ते टिकून आहे. उरलेल्याला मात्र हात लावू नये, टेकू नये. डावीकडच्या कोरीवकामावर टॉर्चचा प्रकाश तिरपा टाका, समोरून टाकलात तर सगळं सपाट दिसतं.

इथं साबण, शाम्पू, तेल नको. या डबक्यातून पाणी सहजासहजी बदलत नाही. पिण्याचं पाणी देवळाच्या परिसरातल्या टाक्यांतून घ्या, तेही उकळून किंवा गाळून. त्यात हातपाय बुचकळू नका. चांगदेवांनी तपश्चर्या केली ती याच गडावर, आणि त्यांच्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथाची नोंद शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२ ची. माणसं इतकी शतकं इथं राहू शकली ती या टाक्यांच्या जिवावर.

वेळ कोणती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे पाचनईहून निघालात तर सकाळी गर्दी व्हायच्या आत गुहा बघून होते, आणि दुपारी तीनच्या आत उतरायला लागलात तर कड्याच्या पोटातली आडवी वाट उजेडात पार पडते.