सतरा नंबरचा फॉर्म

मंडळी, आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'बालगुन्हेगारी' असा विषय छापलाय, त्या शब्दाला माझी हरकत आहे. कायदा 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे कायद्याशी संघर्षात सापडलेलं मूल, असं म्हणतो. बोलताना जीभ अडखळते, पण पोराचं मूलपण शाबूत राहतं.

मूळ विषयाआधी सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल बोलू द्या. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून ही सोय आहे, आणि चांगली आहे. पण काही शाळा शंभर टक्के निकालाच्या फलकापायी नववीतल्या कच्च्या पोरांच्या पालकांना बोलावून तोच फॉर्म पुढं सरकवतात. "इथं नापास होईल, बाहेरून बसवा." मास्तर सांगतायत म्हणजे भल्याचंच असणार, म्हणून आई अंगठा उठवते.

सांगलीत मी शिकवत होतो त्या शाळेतही हे झालं. पोरगं बीजगणितात कच्चं, पण शाळेचा पंप बिघडला की शिपाई त्यालाच हाक मारायचा. आई हळद निवडायला जायची. दाखला मीच लिहिला. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. विनंती कुणी केली होती हे मला पक्कं माहीत होतं, तरी लिहिलं.

पोरगं आधी मार्केट यार्डात पोती उचलायला लागलं, मग कृष्णेच्या घाटावर मोठ्या पोरांत बसायला. दीड वर्षानं आई रडत दारात आली. चोरीच्या मोटारसायकली पोरगा खोलून द्यायचा. पंप दुरुस्त करणारेच हात! बाल न्याय मंडळापुढं मी तिच्यासोबत गेलो. "शाळा कुठली?" असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "सतरा नंबर," म्हणाला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटंच उरलीत. तर मुद्दा असा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा अठरापर्यंत बालक मानतो, पण सोळा ओलांडलेल्यावर घोर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवायची वाटही ठेवतो. नववीत पोराचं नाव पटावरून गेलं, की त्याची हजेरी घ्यायला पुढं फक्त पोलीस उरतात. गरिबी, घरातली दारू ही कारणं आहेतच, शाळेत टिकलेलीही चुकतात. पण दाखला देणं न देणं तरी आपल्या हातात आहे ना?

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानानं १९३९ मध्ये शिक्षा झालेल्या कैद्यांची बिनभिंतीची वसाहत वसवली, त्यांच्या हाती शेती दिली. आपल्याच जिल्ह्यात जन्मठेपेच्या माणसांवर विश्वास टाकला गेला, आणि आपण बीजगणितात नापास होणाऱ्या पोराला वर्गात ठेवायला घाबरतो!

माझं मागणं एवढंच : निकालाच्या फलकावर दहावीच्या टक्क्याशेजारी तीच तुकडी नववीच्या जूनमध्ये किती होती, तो आकडा लिहा. आणि पोरगं सलग तीन दिवस आलं नाही, तर चौथ्या दिवशी वर्गशिक्षकानं घरी जावं. फलकाचा नमुना काढून आणलाय. मुख्याध्यापक मंडळींनी जाताना माझ्याकडून घेऊन जावा, मी दाराशी थांबतो.