ग्राफ्ट बसला, पण स्कॅन सोडू नका

हा जो काळा-पांढरा व्हिडिओ दिसतोय ना, तो पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीचा, म्हणजे एओर्टाचा. खाली जिथं ती फुगलीये तो अॅन्युरिझम, पुरुषांमध्ये साडेपाच सेंटीमीटर झाला की फुटायची वाट कोणी बघत नाही. पोट न फाडता तो आतूनच बंद करायचा, ही इव्हार नावाची पद्धत हुआन परोदी यांनी 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला करून दाखवली.

आता हात बघा डॉक्टरांचे. जांघेतल्या धमनीतून वायर वर गेली, तिच्यावरून दुमडलेला ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, कापड पॉलिस्टरचं आणि सांगाडा नायटिनॉल नावाच्या धातूचा, आकार अगदी पँटसारखा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडला, किडनीच्या धमन्या उजळल्या, त्यांच्या बरोब्बर खाली कापडाची वरची कड यायला हवी, जरा वर गेली तर किडनी गेली. हळूहळू उघडतोय... एक पाय सुटला. दुसऱ्या पायासाठी दुसऱ्या जांघेतून वायर घालून ते बारीक तोंड शोधायचं, यात कधीकधी सगळ्यात जास्त वेळ जातो. मग बलून फुगवून कडा दाबून बसवायच्या, आणि शेवटचा शॉट. अॅन्युरिझमच्या फुग्यात रक्त दिसत नाहीये. सगळे खूश.

पेशंट दोन-तीन दिवसात घरी जातो आणि मग स्कॅनला यायचंच विसरतो, आपल्याकडे तर हे फारच.

हा वेगळ्या पेशंटचा सीटी, काही वर्षांनंतरचा. ग्राफ्टभोवती हे काळे ठिपके बघा, ती हवा आहे, इथं असायलाच नको. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग एओर्टाला अगदी खेटून जातो, तिथं भोक पडून आतडं आणि ग्राफ्ट जोडले गेलेत. फार क्वचित होतं हे, पण सुरुवात साध्या कणकणीने, पाठदुखीने, काळ्या शीने होते आणि माणूस पित्ताच्या गोळ्या खात बसतो. पोटात ग्राफ्ट आहे हे नव्या डॉक्टरला कोणी सांगतच नाही! पुढं ग्राफ्ट काढावा लागतो, मोठं ऑपरेशन, सगळे वाचत नाहीत.

इव्हारनंतर क्वचित पेशंटच्या पायातली ताकद जाते, क्वचित मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो.

ब्रिटनमध्ये 1252 पेशंटची तुलना केली, सुरुवातीला जगण्यात इव्हारवाले पुढं, आठ वर्षांनंतर मात्र पोट उघडून ऑपरेशन केलेले पुढं, कारण इव्हारनंतरही काहींचा फुगा उशिरा फुटला. किडनी नाजूक असेल तर नंतरच्या स्कॅनला कॉन्ट्रास्ट नको, ही बघा, साधी डॉपलर सोनोग्राफी चाललीये, फुगा वाढतोय का ते यातही कळतं.