कोरलच्या तिजोरीत मायक्रोसॉफ्टचा पैसा

(दृश्य : महालातली गल्ली, फ्लेक्सचं दुकान)

पोळा जवळ आला की नागपुरातल्या फ्लेक्सवाल्यांना जेवायची फुरसत नसते. तान्हा पोळा आणि मारबत एकाच दिवशी, मागोमाग गणपती. महाल असो, इतवारी असो की सीताबर्डी, दुकानादुकानात कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलेलं. गिऱ्हाईक खुर्ची ओढून ऑपरेटरच्या बाजूला बसतं. "भाऊ, साहेबांचा फोटो जरा मोठा घ्या ना." साहेब मोठे होतात, गणपती थोडा सरकतो. "फायनल?" मग कंट्रोल-क्यू. अक्षरांचे कर्व्ह होतात, म्हणजे ती अक्षरं न राहता नुसत्या आकृत्या बनतात. आता छपाईच्या मशीनवर मराठी फॉन्ट नसला तरी जोडाक्षर फुटणार नाही. पण 'शुभेच्छुक'मधला उकार चुकला असेल, तर तो टाइप करून सुधारताही येणार नाही.

(दृश्य : जुनी सीडी, खोका)

हे सॉफ्टवेअर कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीचं, 1989 पासूनचं. मायकेल काउपलँड यांनी काढलेल्या या कंपनीची पुढे भूक वाढली. 1996 मध्ये तिने वर्डपरफेक्ट हे लेखनाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, म्हणजे थेट मायक्रोसॉफ्ट वर्डशी सामना. 1999 मध्ये स्वतःचं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, आणलं, तेव्हा सामना विंडोजशीही. घरचं चालतं दुकान सोडून दोन-दोन आघाड्यांवर लढायचं, तर गाठीला पैसा लागतो. तो 2000 मध्ये आटला आणि ऑगस्टमध्ये काउपलँड पायउतार झाले.

दोनच महिन्यांत पैसा आला, तोही मायक्रोसॉफ्टकडून! साडेतेरा कोटी डॉलर. बदल्यात मताधिकार नसलेले शेअर, आणि कोरलने डॉट नेटला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या व्यवस्थेला, साथ द्यायची. मताधिकार का नाही? त्याच जूनमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला होता. मक्तेदारीच्या खटल्याचा असा ससेमिरा मागे असताना प्रतिस्पर्ध्याच्या कारभारात हात घालणं परवडलं नसतं. तो जिवंत राहिलेलाच बरा. निदान आम्हाला तरी हिशेब असाच दिसतो. या सगळ्यात कोरलड्रॉचा विचार कुणी फारसा केला असेल, असं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी कोरलचं लिनक्स झँड्रॉस या कंपनीकडे गेलं. 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले शेअर वेक्टर कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकले, जेमतेम 1 कोटी 30 लाख डॉलरला. त्याच वर्षी वेक्टरने उरलेली कंपनीही घेतली.