कॅप्टनचा हुकूम आणि खेळाडूचा निर्णय

मित्रहो,

आजच्या विषयाला मी थेट एका अडचणीपासून सुरुवात करते. रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन एकत्र कथा खेळण्याच्या खेळात, टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाचा एक मूलभूत हक्क असतो. आपले पात्र काय करील, हे तो स्वतः ठरवतो. लष्करी युद्धनौकेवर नेमका हाच हक्क बहुतेकांना नसतो. तिथे हुद्दा असतो, हुकूम असतो आणि हुकूम मोडला तर शिक्षा असते. त्यामुळे पाच मित्रांनी अंतराळातल्या युद्धनौकेची मोहीम खेळायचे ठरवले आणि आपल्यातल्या एकाला कॅप्टन केले, की त्याच क्षणी एका मित्राला बाकीच्यांच्या पात्रांवर अधिकार मिळतो. तो अधिकार कसा वापरला जातो, यावर ती मोहीम वर्षभर रंगते की तिसऱ्या सत्रातच मोडते, हे अवलंबून असते. माझे म्हणणे असे आहे, की खेळातल्या कॅप्टनच्या प्रत्येक हुकुमातून आणि प्रत्येक शिक्षेतून दुसऱ्या खेळाडूच्या हाती एखादा नवा निर्णय आला पाहिजे. ज्या हुकुमानंतर समोरच्याला ठरवण्यासारखे काहीच उरत नाही, तो हुकूम नौदलाच्या रिवाजात बसत असला, तरी खेळात चुकीचाच ठरतो.

उदाहरणासाठी मी ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ घेते. मार्क मिलर यांचा हा खेळ अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने १९७७ साली प्रसिद्ध केला आणि नव्या आवृत्त्यांतून तो आजही खेळला जातो. यात पात्र तयार करतानाच त्याची नोकरी खेळली जाते. नौदल, मरीन (नौदलाबरोबर जाणारे सैनिक), स्थलसेना, स्काउट (टेहळणी सेवा), व्यापारी जहाजे अशा सेवांपैकी एकीत चार-चार वर्षांच्या मुदती काढायच्या, फाशांवर बढती मिळवायची, आणि मूळ नियमांप्रमाणे एखाद्या मुदतीत पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरूही शकते. बहुतेक मोहिमांत पात्रे सेवेतून बाहेर पडलेली असतात. पण सेवेत असलेल्या नौकेची मोहीमही याच नियमांवर उत्तम उभी राहते आणि तिच्यासाठी एक जहाज जणू मापाने शिवून ठेवलेले आहे, ते म्हणजे ४०० टनांची गस्ती क्रूझर. पायलट, नॅव्हिगेटर, तीन इंजिनिअर, एक डॉक्टर, चार गनर आणि आठ सैनिक अशी १८ माणसे तिच्यावर असतात. हा आकडा फार सोयीचा आहे. पाच खेळाडूंनी पाच जागा घेतल्या, तरी १३ माणसे गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हाती राहतात. आणि १३ माणसांची नावे, स्वभाव, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे सगळे एका वहीच्या पानावर मावते आणि लक्षातही राहते. शेकडो माणसांच्या महाकाय नौकेवर शिस्त ही केवळ कल्पना होऊन बसते. १८ जणांत ती रोज तोंडासमोर उभी असते.

‘ट्रॅव्हलर’च्या विश्वाचा आणखी एक नियम आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. तिथे प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा संदेश नाही. बातमी जहाजाबरोबर जाते आणि जहाजाच्याच वेगाने पोहोचते. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जंप घेतली, की अंतर कमी असो वा जास्त, जहाज सुमारे आठवडाभर जंपमध्येच असते आणि तेवढा काळ त्याचा बाहेरच्या जगाशी कसलाही संपर्क नसतो. म्हणजे कॅप्टनला मुख्यालयाला विचारून निर्णय घेण्याची सोय नाही. शिडांच्या काळातल्या कॅप्टनसारखा तोच अखेरचा अधिकारी असतो, तोच न्यायाधीशही असतो, आणि त्याने काय केले याचा जाब त्याला फार उशिरा द्यावा लागतो. अनेक गेम मास्टर हा आठवडा एका वाक्यात संपवतात. जंप झाली, सात दिवस गेले, पुढचा ग्रह आला. माझ्या मते यात मोहिमेचे फार मोठे नुकसान आहे. लढाईत हुकूम पाळणे तुलनेने सोपे असते, कारण शत्रू समोर असतो. खिडकीबाहेर बघण्यासारखे काही नाही, तीच माणसे, तेच जेवण, तोच पहारा, आणि शेजारच्या बंकवरचा माणूस कालपासून बोलत नाही, अशा वेळी क्रू घडतो किंवा बिघडतो. प्रत्येक जंपमधला निदान एक प्रसंग सविस्तर खेळला, तर पुढच्या लढाईतल्या प्रत्येक हुकुमाला वजन येते.

आता हुकुमाकडे येऊ. नवा कॅप्टन सहसा असे बोलतो: “पायलट, डावीकडे वळव. इंजिनिअर, जास्तीची वीज इंजिनाला दे. गनर, दुसऱ्या टरेटमधून (तोफेच्या फिरत्या बुरुजातून) गोळीबार कर.” तिघांनी फासे टाकले, पण तिघांपैकी कोणीच काही ठरवले नाही. कॅप्टन एकटा खेळला आणि बाकीचे त्याचे हात झाले. हाच प्रसंग वेगळ्या रीतीने खेळून पाहू. या खेळात ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट अंतर ओलांडल्याशिवाय सुरक्षित जंप घेता येत नाही. एक तस्करी जहाज त्या सीमेकडे पळते आहे आणि त्याच्या पोटात ओलीस प्रवासी आहेत. कॅप्टन म्हणतो, “शंभर व्यासांची सीमा गाठण्याआधी ते जहाज थांबले पाहिजे आणि आतली माणसे जिवंत राहिली पाहिजेत. कसे, ते तुम्ही सांगा.” आता पायलटला ठरवायचे आहे, की मागून गाठायचे की सीमेच्या बाजूने आडवे जायचे. गनरला ठरवायचे आहे, की लेसरने त्यांच्या इंजिनावर नेम धरण्याइतके जवळ जाण्याची जोखीम घ्यायची का. इंजिनिअरने मर्यादेपलीकडे वेग दिला, तर पुढच्या जंपची खात्री देता येणार नाही, हे त्याला आत्ताच सांगावे लागते. हुकूम पहिल्यापेक्षा कडक आहे, कारण त्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही मोडता येणार नाहीत. तरीही तिघांनाही खेळायला मिळाले.

खऱ्या नौदलांनीही उत्तम नेतृत्व याच रीतीने केले आहे. १ ऑगस्ट १७९८ रोजी इजिप्तजवळ अबू कीरच्या उपसागरात फ्रेंच ताफ्यावर चालून जाण्याआधी ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने आपल्या कॅप्टनांशी आपले बेत पुन्हा पुन्हा बोलून घेतले होते. लढाईच्या धुरात इशाऱ्याची निशाणे दिसली नाहीत, तरी आपल्या मनात काय आहे हे त्यांना ठाऊक असावे, असा त्याचा हेतू होता. टेबलावरच्या कॅप्टननेही तेच करावे. लढाईपूर्वी हेतू सांगून ठेवावा आणि लढाईत कमी बोलावे.

सल्लामसलतीची एक जुनी नाविक पद्धत तर मला या खेळासाठी अत्यंत मोलाची वाटते. नौदलाच्या कोर्ट मार्शलमध्ये सर्वांत कनिष्ठ सदस्याने आपले मत आधी द्यायचे असते, म्हणजे वरिष्ठाचे मत ऐकून तो बिचकत नाही. कॅप्टनने बैठक बोलावली, की सर्वांत नव्या किंवा सर्वांत कमी बोलणाऱ्या खेळाडूला आधी विचारावे आणि स्वतः शेवटी बोलावे. निर्णय कॅप्टनचाच राहतो, त्याच्या अधिकाराला काही उणे येत नाही. पण जो खेळाडू एरवी दोन तास गप्प बसला असता, त्याचे वाक्य त्या निर्णयात उतरते.

शिक्षेचा प्रश्न याहून नाजूक आहे, म्हणून एक प्रकरण जवळून पाहू. जंपचा चौथा दिवस. रात्रपाळीत एक गनर आपल्या जागेवर झोपलेला सापडतो. हे पात्र गेम मास्टरचे आहे. पहाऱ्यावर झोपणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. १७४९ च्या ब्रिटिश नौदल संहितेत त्यासाठी मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होती. कॅप्टनची भूमिका करणारा खेळाडू तिथल्या तिथे शिक्षा सुनावू शकतो आणि बहुतेक जण तेच करतात. त्याऐवजी त्याने सुनावणी घ्यावी. गनर टोपी काढून उभा राहतो. ज्या अधिकाऱ्याने त्याला पकडले, तो आरोप वाचतो. ही भूमिका एका खेळाडूची. त्याच्या बाजूने बोलायला दुसरा खेळाडू उभा राहतो. मग कॅप्टन प्रश्न विचारतो आणि हळूहळू बाहेर येते, की दुसरा एक गनर आजारी असल्याचा शेरा डॉक्टरने दिला होता, त्यामुळे हा माणूस सलग दोन पाळ्या उभा होता आणि पाळ्यांचा तक्ता फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे कॅप्टननंतरच्या अधिकाऱ्याने, केला होता. डॉक्टर आणि फर्स्ट ऑफिसर, दोन्ही पात्रे टेबलावरच्या खेळाडूंची आहेत. आता कॅप्टनपुढचा प्रश्न बदलला. गुन्हा तर झालाच आहे, तो सोडून दिला तर उद्या दुसरा झोपेल. पण सगळी शिक्षा खालच्या माणसाला दिली आणि तक्ता करणाऱ्याला एक शब्दही बोलला नाही, तर तेराच्या तेरा माणसांना ते कळणार. कॅप्टन गनरची पुढच्या बंदरावरची सुट्टी रद्द करतो, फर्स्ट ऑफिसरला एकांतात बोलावून समज देतो आणि संध्याकाळपर्यंत नवा तक्ता मागतो. नव्या तक्त्यात माणसे कमी पडतात, म्हणून फर्स्ट ऑफिसरला ठरवावे लागते, की मरीन सैनिकांना टरेटवर बसवायचे की अधिकाऱ्यांनी स्वतः पहारा करायचा. एका शिक्षेतून चार खेळाडूंना काम मिळाले. शिक्षा एकांतात देण्याचा भागही महत्त्वाचा आहे. अधिकाऱ्याचा पाणउतारा क्रूसमोर केला, की त्याचा पुढचा हुकूम कोणी मनापासून पाळत नाही.

खेळाडूच्या पात्राला कोठडीत टाकण्याविषयी मात्र मी ठाम आहे. पात्र कोठडीत गेले, म्हणजे एक जिवंत माणूस संपूर्ण संध्याकाळ नुसता बसून राहणार. कथेने ती शिक्षा मागितलीच, तर त्याच वेळी त्या खेळाडूच्या हाती त्या १३ जणांपैकी एक माणूस द्यावा. एका खेळाडूने एकाहून अधिक पात्रे सांभाळण्याची ही पद्धत १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाने चांगली रुळवली आणि २०१७ च्या ‘स्टार ट्रेक ॲडव्हेंचर्स’मध्ये साहाय्यक पात्रांसाठी स्वतंत्र नियमच आहेत. यातून एक उत्तम गोष्ट साधते. काल ब्रिजवर, म्हणजे नौकेच्या नियंत्रण कक्षात, उभे राहून हुकूम देणारा खेळाडू आज खालच्या डेकवरून तेच हुकूम ऐकतो. तसेच, खेळाडूच्या वागण्याची शिक्षा त्याच्या पात्राला कधीही देऊ नये. कोणी उशिरा येत असेल, दुसऱ्याचे बोलणे तोडत असेल, मुद्दाम सगळ्यांचा बेत उधळत असेल, तर खेळ थांबवून माणसाशी माणसासारखे बोलावे. कोर्ट मार्शल हा त्यावरचा उपाय नव्हे.

कडकपणा आणि क्रौर्य यांतला फरक इतिहासाने फार भयंकर रीतीने दाखवला आहे. सप्टेंबर १७९७ मध्ये कॅरिबियन समुद्रात ‘हर्माइनी’ या ब्रिटिश फ्रिगेटचा कॅप्टन ह्यू पिगट याने शिडाचे काम करणाऱ्या खलाशांना बजावले, की जो शेवटी खाली उतरेल त्याला फटके बसतील. घाईत तीन तरुण खलाशी वरून पडून मेले. त्यांची प्रेते समुद्रात फेकून देण्याचा हुकूम त्याने दिला आणि दुसऱ्या रात्री क्रूने त्याला आणि अनेक अधिकाऱ्यांना ठार केले. शेवटी उतरणारा कोणीतरी असणारच. म्हणजे या शिक्षेतून सुटण्याचा मार्ग चांगले काम हा नव्हताच, सोबत्याला मागे टाकणे हाच होता. कॅप्टनची भूमिका करणाऱ्याने शिक्षा जाहीर करण्याआधी एवढे तपासावे, की नीट काम करणाऱ्या माणसाला तिच्यापासून खात्रीने वाचता येते का.

आपल्या मुंबईतले उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रातल्या खलाशांनी संप पुकारला आणि काही दिवसांत तो कराचीपर्यंत पोहोचला. त्यामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होतीच, पण ताटातले निकृष्ट अन्न आणि कमांडिंग अधिकाऱ्याची अपमानास्पद भाषा ही त्या सकाळची तातडीची कारणे होती. गेम मास्टरने बेशिस्तीचा प्रसंग रचताना खलनायक शोधण्यापूर्वी मुदपाकखाना, पगार, सुट्टी आणि बोलण्याची भाषा तपासावी. ‘ट्रॅव्हलर’च्या मूळ नियमांत जहाजावरच्या पायलटचा महिन्याचा पगार ६,००० क्रेडिट (खेळातले चलन) आणि गनरचा १,००० क्रेडिट धरलेला आहे. एवढ्या एका ओळीतही कितीतरी तक्रारी दडलेल्या आहेत.

शेवटी, नियमांतल्या एका छोट्या तरतुदीकडे लक्ष वेधते. मूळ ‘ट्रॅव्हलर’मध्ये लढताना गटातली ठरावीक प्रमाणात माणसे पडली, की मनोधैर्यासाठी दोन फासे टाकायचे आणि सात किंवा अधिक आले तरच गट टिकतो. गट लष्करी तुकडी असेल तर एक मिळवायचा, नेत्याकडे नेतृत्वाचे कौशल्य असेल तर आणखी एक, डावपेचांचे असेल तर आणखी एक. नेता मेला तर मात्र दोन वजा होतात आणि नवा नेता सूत्रे हाती घेईपर्यंत ही वजाबाकी चालू राहते. म्हणून कॅप्टनने पहिल्याच सत्रात आपल्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण आणि त्याच्याहीनंतर कोण, ही क्रमवारी सगळ्यांसमोर सांगावी आणि ती प्रत्येकाच्या पात्रपत्रिकेवर लिहून घ्यावी. शिवाय एखाद्या शांत गस्तीत मुद्दाम दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला पूर्ण सत्रभर नौकेची सूत्रे द्यावीत, आणि स्वतः त्या सत्रात गनर म्हणून बसावे.