शेजारच्या फोनला रेंज आहे ना?

नमस्कार श्रोतेहो. आपल्या देशात 5जी सेवा 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, आणि पाठोपाठ तिच्या नावानं फसवणारे फोनही सुरू झाले. असाच एक फोन शिरपूरकडच्या आमच्या जिभाऊंना आला.

त्या दिवशी सकाळी जिभाऊंनी कापूस मोजला होता. कापूस मोजला की पैसे त्याच दिवशी मिळाले पाहिजेत, शेतकऱ्यानं महिना महिना हेलपाटे का घालायचे? हे मी दर हंगामात बोलते, आजही बोलते. तर या वेळी व्यापारी सरळ माणूस निघाला, दुपारी पैसे खात्यावर आले. मग फोन आला. "तुमचं सिम आज बंद होणार, 5जी करून देतो. मेसेजमधला नंबर सांगा." जिभाऊंनी सांगून टाकला. थोड्या वेळानं रेंज गेली. शेतात रेंज जाते-येते, म्हणून ते नेहमीसारखे बांधावरच्या निंबाखाली गेले. तिथे हमखास लागते. त्या दिवशी लागली नाही. तास गेला.

वहिनी भाकरी घेऊन आल्या. दोघांचं सिम एकाच कंपनीचं. स्वतःचा फोन बघून त्या म्हणाल्या, "मना फोनले रेंज शे, मंग तुमनाले काबरं नही?"

श्रोतेहो, वहिनींचा हा प्रश्न लक्षात ठेवा. शेजारच्या फोनला रेंज आहे, मग आपल्याला का नाही? त्या भामट्यानं जिभाऊंचा नंबर ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम, करून स्वतःच्या फोनमध्ये घेतला होता. बँकेचे ओटीपी तिकडे पडत होते. वहिनींनी आपल्याच फोनवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला, बँकेला कळवलं, खातं गोठवलं. तोवर चाळीस हजार गेले होते. उरलेले वाचले.

5जीसाठी कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही. पुन्हा सांगते, ओटीपी लागत नाही. फोन 5जीचा हवा, सेटिंगमध्ये 5जी चालू करायचं. बहुतेक 4जी सिमवरच ते चालतं. रेंज अचानक गेली आणि परतली नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930. एक, नऊ, तीन, शून्य.

आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. वहिनींनी जिभाऊंना शेजारी बसवून ते उघडलं. एक अनोळखी नंबर निघाला. तो त्यांनी तिथूनच बंद करायला दिला.